नग्न नाव : एका चिमुकल्या पतंगाच्या निमित्ताने

१७ जानेवारी २०१७ रोजी ‘झूकीज’ या प्राणिवर्गीकरणाला वाहिलेल्या नियतकालिकात वाझ्रिक नझारी या कॅनडातील संशोधकाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. दक्षिण कॅलिफोर्निया आणि तिला लागून असलेला मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या प्रदेशांत आढळणाऱ्या एका पतंगाचे, विज्ञानाला तोवर ठाऊक नसलेल्या एका प्रजातीचे, त्यात वर्णन होते. पतंग इतका लहान, की त्याच्या पुढच्या पंखाची लांबी पाच मिलिमीटरही भरत नाही. डोक्यावर पिवळसर पांढऱ्या खवल्यांचे आच्छादन. ते पाहून नझारींना तीन दिवसांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेणार असलेल्या गृहस्थांचे केस आठवले आणि त्यांनी पतंगाचे नाव ठेवले निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी. पुढचे काही दिवस जगभरच्या वृत्तपत्रांना हसायला एक विषय मिळाला. एका बाजूला त्या गृहस्थांचे छायाचित्र, दुसऱ्या बाजूला पतंगाचे, खाली चार मिस्किल ओळी. मग तो विषय संपला.

आमची तक्रार त्या विनोदाविषयी नाही. विनोद बरा होता. तक्रार आहे ती त्यामागच्या समजुतीविषयी. नवी प्रजाती ‘शोधली’ म्हणजे तिला नाव दिले, आणि नाव कळले म्हणजे ती कळली, अशी ही समजूत आहे. ती एकट्या वृत्तपत्रांची असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. पण ती आपल्या विद्यापीठांत आहे, मराठीच्या विभागांत आहे, आणि मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून जे तळमळून बोलतात त्यांच्या बोलण्यातही आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : नाव ही पावती असते, ऐवज वर्णनात असतो. ज्या समाजाला पावत्या जमवण्याचा सोस आहे आणि ऐवज मोजण्याचा कंटाळा, त्याच्या भाषेत ज्ञान निर्माण होणे अवघड आहे.

प्रथम त्या निबंधात काय आहे ते पाहू, कारण तेच सर्वांत कमी वाचले गेले. निओपाल्पा हा वंश दालिबोर पोवोल्नी या चेक कीटकशास्त्रज्ञाने १९९८ साली स्थापन केला. त्याच्यासमोर होते फक्त दोन नर नमुने, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडच्या सांता कॅटालिना बेटावरचे. त्यांवरून त्याने निओपाल्पा निओनाटा ही एकच प्रजाती वर्णिली. मादी कशी असते हे माहीत नव्हते. ती पुढे डीएनएच्या जुळणीवरून ओळखू आली. नझारींनी मग उत्तर अमेरिकेतील निरनिराळ्या संग्रहालयांतले या वंशाचे नमुने एकत्र तपासले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बोहार्ट कीटकसंग्रहालयातूनही त्यांनी नमुने मागवले. या तपासणीत त्यांच्या लक्षात आले, की एकाच नावाखाली बसतील असे वाटणारे हे पतंग प्रत्यक्षात दोन प्रकारचे आहेत. म्हणजे हा ‘शोध’ वाळवंटात कंदील घेऊन फिरताना लागलेला नव्हे. पतंग पकडले गेले होते, टाचले गेले होते, खणांत ठेवलेही गेले होते. कमी होती ती दोहोंतला फरक नेमक्या शब्दांत मांडणाऱ्याची. त्याने तो मांडला, आणि त्या क्षणी एक प्रजाती ज्ञानाच्या कक्षेत आली. नाव त्यानंतरचे.

हे काम कसे चालते ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना ते कारकुनी वाटते. चार-पाच मिलिमीटरचा पतंग नेहमीच्या टाचणीवर मावत नाही. त्यासाठी केसासारखी बारीक टाचणी लागते. पंख न फाडता पसरावे लागतात. खालच्या चिठ्ठीवर स्थळ, दिनांक, पकडणाऱ्याचे नाव. पंखावरच्या ठिपक्यांवर विसंबता येत नाही, कारण खवले झडतात, रंग विटतात आणि जवळच्या प्रजाती एकमेकींसारख्या दिसतात. म्हणून पोटाचा भाग वेगळा करून दाहक द्रावणात मऊ करायचा, त्यातून जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली सोडवायची, रंगवायची आणि काचपट्टीवर बसवायची. मग एकेका अवयवाचा आकार, वळण, प्रमाण शब्दांत लिहायचे. या लिखाणाचे दोन भाग असतात. एकात ही प्रजाती तिच्या जवळच्या प्रजातींहून कशाने वेगळी ओळखावी हे सांगायचे. दुसऱ्यात ती समग्र कशी आहे हे सांगायचे. पहिल्या भागासाठी विवेक लागतो, दुसऱ्यासाठी चिकाटी. पहिल्या भागातला एक शब्द सैल पडला तर पुढची पन्नास वर्षे लोक दोन पतंगांची गल्लत करत राहतात.

प्राणिनामकरणाची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिने ही गोष्ट नियमातच बांधून ठेवली आहे. १९३० नंतर प्रसिद्ध झालेले कोणतेही नवे नाव ग्राह्य ठरण्यासाठी त्याच्यासोबत त्या प्राण्याचे वेगळेपण ‘शब्दांत’ सांगणारे वर्णन किंवा व्याख्या हवी, अथवा अशा आधीच प्रसिद्ध झालेल्या वर्णनाचा निर्देश तरी हवा. नुसते चित्र पुरत नाही. नुसते नावही पुरत नाही. वर्णनावाचून सोडलेल्या नावासाठी वर्गीकरणशास्त्रात एक लॅटिन संज्ञा आहे, तिचा शब्दशः अर्थ ‘नग्न नाव’ असा होतो. असे नाव छापले गेले तरी शास्त्राच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते; दुसरा कोणीही ते उचलून वेगळ्याच प्राण्याला देऊ शकतो. साहित्याच्या अभ्यासकांनी हा नियम दोनदा वाचावा असा आहे. ज्या शास्त्राला आपण आकडे आणि उपकरणे यांचे मानतो, त्याच्या एका मूलभूत नियमात शब्दांची सक्ती आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप निघू शकतो. नझारींनी ते नाव थट्टेसाठी ठेवलेले नव्हते. जिथे अजून अवर्णित प्रजाती शिल्लक आहेत अशा नाजूक अधिवासांकडे, आणि ते जपण्याच्या गरजेकडे लक्ष वेधावे, हा त्यांचा जाहीर हेतू होता. हा पतंग ज्या ठिकाणांहून मिळाला त्यांत कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल परगण्यातील अल्गोडोनेसच्या वाळूच्या टेकड्या आहेत, आणि त्या टेकड्यांवर हौशी लोकांच्या गाड्या धावतात. मग नावाने चार लोकांचे लक्ष गेले तर बिघडले काय?

बिघडले ते हे, की लक्ष गेले ते केसांकडे. वाळूकडे वळले नाही. ज्या पतंगाचे क्षेत्र अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहे, त्याला सीमेवर भिंत बांधू म्हणणाऱ्याचे नाव मिळाले, यातला उपरोधही वर्णन वाचणाऱ्यालाच कळतो. नाव वाचणाऱ्याला कळत नाही. शिवाय नाव एकदा स्वतंत्र वस्तू झाले की त्याचा बाजार भरतो. २०१८ साली पनामातल्या एका पायहीन उभयचर प्राण्याच्या नामकरणाचा हक्क लिलावात २५,००० डॉलरला गेला. घेणारी कंपनी ब्रिटिश होती आणि तिने सुचवलेले नावही त्याच गृहस्थांचे होते. पैसे वनसंरक्षणाच्या कामाला जाणार होते, हेतू चांगला होता, हे सारे मान्य. पण नाव विकत घेता येते ही गोष्ट नावाच्या स्वरूपाविषयी बरेच काही सांगून जाते. वर्णन कोणाला विकत घेता येत नाही. ते कोणालातरी बसून करावे लागते.

कोणी म्हणेल, कुठला कॅलिफोर्नियातला पतंग, आणि मराठी वाचकाला त्याचे काय? मराठी वाचकाला त्याच्या भाऊबंदांचे पुष्कळ काही आहे. निओपाल्पा ज्या जेलिकिइडी कुलातला, त्याच कुलातला एक पतंग आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पतंग म्हणून नव्हे, अळी म्हणून. ती कापसावरची गुलाबी बोंडअळी, जुन्या लोकांची शेंदरी बोंडअळी. ज्या २०१७ साली जग त्या पिवळ्या झुपक्याला हसत होते, त्याच वर्षीच्या हंगामात या अळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस बोंडात खाल्ला. बोंड बाहेरून धड दिसे आणि फोडल्यावर आत कवडी निघे.

या पतंगाची कागदपत्रे पाहण्यासारखी आहेत. १८४० च्या दशकात भारतातल्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून विल्यम विल्सन सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये त्याचे पहिले वर्णन केले. तेव्हा त्याला डेप्रेसारिया या वंशात घातले होते. १९१७ साली ऑगस्ट बस्क यांनी त्याच्यासाठी पेक्टिनोफोरा हा नवा वंश केला. वंशनाम बदलले, पतंग तोच राहिला. आणि तो तोच आहे हे आपण सांगू शकतो ते वर्णनाची साखळी तुटली नाही म्हणून. या प्रजातीच्या मादीचा कामगंध नेमका कोणता हे १९७३ साली कळले. आज शेतात लावतात ते कामगंध सापळे त्यावरच उभे आहेत, आणि ते या प्रजातीच्या नरांना ओढतात, दुसऱ्या पतंगांसाठी दुसरा गंध लागतो. अमेरिकेने २०१८ साली आपल्या कापूसक्षेत्रातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर केले. त्यासाठी तिथे बीटी कापूस होता, कामगंध होता, वंध्य केलेले पतंग विमानातून सोडणे होते, पिकाचे अवशेष वेळेवर नष्ट करण्याची शिस्त होती. भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि २०१० साली गुजरातच्या काही जिल्ह्यांत ही अळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. या दोन इतिहासांतला फरक धोरणाचा आहे, शेतीच्या आकाराचा आहे, पैशाचा आहे. वर्णनाने कीड मरत नाही, हे आम्हांलाही कळते. पण वर्णन नसेल तर यांपैकी एकाही उपायाला पत्ता सापडत नाही. कोणाचा गंध, कोणाचे वंध्यत्व, कोणाची प्रतिकारशक्ती, या प्रश्नांतला ‘कोण’ ठरतो तो खणातल्या नमुन्यावर आणि त्याच्याशी बांधलेल्या शब्दांवर.

याच कुलातले दुसरे उदाहरण टोमॅटोवरच्या टुटा नागअळीचे. २००६ साली ती स्पेनमध्ये पोचली, आणि २०१४ साली महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर दिसली. तिचे वर्णन मात्र १९१७ सालीच होऊन गेले होते, पेरू देशातल्या वांकायो येथील नमुन्यावरून. तेव्हा ती कोणाची कीड म्हणून प्रसिद्ध नव्हती. मधल्या काळात तिला निरनिराळ्या वंशांतून फिरवले गेले. त्या फिरवण्यात आपले पोवोल्नीही होते. २०२१ साली ती पुन्हा पहिल्या वंशात, म्हणजे फ्थोरिमियात, आणली गेली. याच वंशात आपली बटाट्यावरची पाकोळीही आहे. ही पाकोळी आणि टुटा बाह्यरूपाने इतक्या सारख्या, की खात्री करायची तर अंतर्रचनेपर्यंत जावे लागते. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने, कोणाला कधी उपयोग होईल याचा विचार न करता, चार ओळी लिहून ठेवल्या. त्यांचा धागा धरून महाराष्ट्रातल्या शेतात दिसलेल्या अळीला ओळखता आले.

तो माणूस कोण होता हे आमच्या व्यवसायबंधूंनी मुद्दाम लक्षात घ्यावे. एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) हा इंग्लंडमधल्या मार्लबरो येथील शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारा मास्तर. भाषेचा शिक्षक. त्याने आयुष्यभरात १४,००० हून अधिक प्रजाती वर्णिल्या, बहुतेक सूक्ष्म पतंगांच्या. त्यांत कारवार, कुर्ग, खासी टेकड्या इथून गेलेल्या नमुन्यांवरूनही अनेक. आम्ही त्याची आरती ओवाळत नाही. पंखांच्या शिरा भिंगाखाली पाहून तो भराभर लिहीत असे आणि जननेंद्रिये तपासण्याची नवी पद्धत त्याने स्वीकारली नाही. परिणामी पुढे गेट्स क्लार्क यांना ब्रिटिश संग्रहालयातले मेरिकचे मूळ नमुने पुन्हा सोडवून, छायाचित्रे घेऊन, १९५५ ते १९७० या काळात त्यांची सूची आठ खंडांत करावी लागली. नाव द्यायला मेरिकला एक ओळ लागली; अपुऱ्या वर्णनाची परतफेड करायला दुसऱ्याला खंडच्या खंड लागले. वर्णन उणे राहिले की ते कर्ज होते, आणि ते पुढच्या पिढीला फेडावे लागते, हा या गोष्टीचा धडा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. मराठीच्या कोणत्याही विद्यापीठीय वर्तुळात ‘प्रबंध केवळ वर्णनात्मक झाला आहे’ हा शेरा ऐकला नाही असा अध्यापक सापडणार नाही. या वाक्यातला ‘केवळ’ हा शब्द काय गृहीत धरतो ते पाहण्यासारखे आहे. वर्णन ही पहिली, खालची, कोणालाही जमणारी पायरी. तिच्यावर विश्लेषण, त्याच्यावर सिद्धान्त, आणि सर्वांत वर कोणत्यातरी ‘वादा’चे नाव. विद्यार्थी हे पटकन शिकतो. तो कादंबरीतले निवेदन कोणाच्या तोंडी आहे, वाक्ये केवढी आहेत, काळ कुठे सरकतो, बोलीतला कोणता प्रत्यय कोणत्या पात्राला दिला आहे, हे टिपत बसत नाही. तो दुसऱ्या पानावर कादंबरीला नाव देतो. देशीवादी, उत्तराधुनिक, परिघावरची. नाव दिले की काम झाले. पुढची शंभर पाने त्या नावाला अवतरणे चिकटवण्यात जातात. प्राणिशास्त्राच्या संहितेने अशा लेखनाला काय म्हटले असते ते वाचकांनी ताडले असेलच. आपल्या समीक्षेत अशा नग्न नावांची गर्दी झाली आहे, आणि त्यांपैकी कोणते नाव कोणत्या कृतीला का लागू आहे आणि शेजारच्या कृतीला का नाही, हे विचारायची सोय उरलेली नाही.

वर्णन ही सिद्धान्ताखालची पायरी आहे, हे तरी खरे आहे काय? डार्विनकडे उत्क्रांतीच्या कल्पनेचा आराखडा १८४४ साली लिहून तयार होता. तरीही १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे तो समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकल नावाच्या कवचधारी प्राण्यांचे वर्णन करत बसला, आणि त्याचे खंड प्रसिद्ध झाल्यावर मग १८५९ साली तो ग्रंथ आला. प्रजाती म्हणजे काय हे सांगण्याआधी शेकडो प्रजातींतला फरक स्वतःच्या हातांनी लिहून पाहावा लागतो, हे त्याने ओळखले होते. चांगल्या वर्णनात निवड असते, तुलना असते, काय महत्त्वाचे आणि काय आगंतुक याचा निर्णय असतो. ‘क्ष हा य पेक्षा या तीन गोष्टींत वेगळा आहे’ हे वाक्य उघडपणे चुकीचे ठरू शकते. ‘ही कृती आधुनिक जाणिवेचा शोध घेते’ हे वाक्य कधीच चुकीचे ठरू शकत नाही. म्हणूनच दुसरे लिहिणे सोपे आहे.

दुसऱ्या बाजूने येणारा आक्षेप नव्या काळाचा आहे. डीएनएचा छोटा तुकडा वाचून प्रजाती ओळखता येत असेल तर शब्दांची मातब्बरी कशाला? २०२१ साली याच ‘झूकीज’मध्ये शार्की आणि सहकाऱ्यांनी कोस्टा रिकातल्या परजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या प्रजाती एकदम जाहीर केल्या. त्यांतल्या बहुतेकींची ओळख डीएनएच्या ‘बारकोड’वर आणि छायाचित्रावर सोपवलेली होती. त्यावर वर्गीकरणतज्ज्ञांत मोठा वाद झाला. त्या लेखकांची बाजूही पोकळ नाही : कीटक अफाट आहेत, वर्णन करणारे मूठभर आहेत आणि जंगले थांबायला तयार नाहीत. पण अक्षरांची ती मालिका दोन जीव वेगळे आहेत एवढेच सांगते. ते कसे वेगळे आहेत हे सांगत नाही. ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही त्याला ती काहीच सांगत नाही. नझारींच्या निबंधात डीएनए आहे. तरीही दोन्ही प्रजातींच्या नर-माद्यांची रचना शब्दांत आणि चित्रांत दिलेली आहे. यंत्राने शंका उभी करावी आणि शब्दांनी ती मिटवावी, हा क्रम आम्हांला योग्य वाटतो.

आणि इथे मराठीचा प्रश्न येतो. प्राणिनामकरणाच्या संहितेत वर्णनाच्या भाषेवर बंधन नाही. नाव लॅटिन लिपीत लिहावे लागते एवढेच. वर्णन कोणत्याही भाषेत चालते. आंतरराष्ट्रीय वापरातल्या भाषेत सारांश द्यावा ही शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणजे उद्या सह्याद्रीतल्या एखाद्या नव्या पतंगाचे वर्णन मराठीत, रीतसर प्रसिद्ध झाले, तर ते जगाला मानावे लागेल. कायद्याचे दार उघडे आहे. त्यातून आत जाण्याची तयारी आपण केली आहे का, एवढाच प्रश्न आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. आनंद झाला, पेढे वाटले गेले, ते योग्यच. पण दर्जा हेही एक नावच आहे. भाषा संचालनालयाने विज्ञानशाखांचे परिभाषा कोश काढले, त्यांत कष्टाने घडवलेले शब्द आहेत. ते वापरून लिहिलेली वाक्ये कुठे आहेत? शब्द कोशात आणि विज्ञान इंग्रजीत, अशी आपली वाटणी आहे. वाक्यात न आलेली परिभाषा हीसुद्धा नग्न नावांची यादीच होय.

वास्तविक आपल्या भाषेला नेमक्या वर्णनाचे वावडे नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ पाहावी. चक्रधर जिथे जिथे राहिले त्या जागा, देवळांची तोंडे कोणत्या दिशेला, कोणत्या वास्तूच्या कोणत्या बाजूला काय, हे ती अशा काटेकोरपणे सांगते, की तिचा हेतू भक्तीचा आहे हे विसरायला व्हावे. आपल्या गद्याच्या पहिल्या बहरातच ही शिस्त होती. पुढे दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) झाडाफुलांकडे पाहायला शिकवले, मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’ने पक्ष्यांची नावे गोळा केली. ही कामे मोठी आहेत. पण त्यांच्या नावाने जे निसर्गलेखन नंतर बोकाळले ते सुंदर वस्तूंपुरतेच राहिले. पळस फुलला की लेख येतो. चार मिलिमीटरच्या मातकट पतंगात लालित्य नाही. त्याच्यावर लेख येत नाही. ज्याचे कौतुक करता येत नाही त्याचे वर्णन करता येणे, ही गद्याची खरी कसोटी आहे, आणि तिला आपण गेली कित्येक वर्षे बसलेलोच नाही.

आम्ही काही अशक्य मागत नाही. महाराष्ट्रात काम करणाऱ्या संशोधकांनी नव्या प्रजातीचा निबंध इंग्रजीत खुशाल लिहावा. सोबत वेगळेपणाचा परिच्छेद मराठीतही द्यावा. दहा ओळी. पदव्युत्तर मराठीच्या अभ्यासक्रमात एक लेखनकार्य असे असावे, की विद्यार्थ्याने एक वस्तू, एक कीटक, एक ओवी किंवा एक हस्तलिखित पान घेऊन ते शेजारच्या त्याच प्रकारच्या दुसऱ्या वस्तूहून कशाने वेगळे आहे ते पाचशे शब्दांत लिहावे, आणि त्यात एकही ‘वाद’ येऊ देऊ नये. प्राणिशास्त्राचा आणि मराठीचा अध्यापक एकाच महाविद्यालयात शेजारच्या इमारतींत बसतात. त्यांनी मिळून हे लेखन तपासावे. परीक्षकांनी ‘केवळ वर्णनात्मक’ हा शेरा लिहिण्यापूर्वी त्या वर्णनातले एक तरी विधान प्रत्यक्ष कृतीशी ताडून पाहावे. ते चुकीचे असेल तर तसे लिहावे. बरोबर असेल तर ‘केवळ’ हा शब्द खोडावा.

याची ऐपत आपल्यात नाही असे कोणाला वाटत असेल तर त्याने कापूसवाल्याशी बोलावे. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या आतून जाळ्याने बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. अशा फुलाला शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतो. त्या एका शब्दात रूप आहे, कारण आहे आणि शेजारच्या निरोगी फुलापासूनचा फरकही आहे. कृषी खात्याच्या पत्रकांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला, कारण त्याहून नेमका दुसरा मिळाला नाही. तो प्रथम कोणी वापरला त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. वर्णन मात्र आजही शेतात उपयोगी पडते आहे.